एक्क्याण्णव मूळ का नाही, हे लेकीला कसं पटवायचं?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो, लेक पाचवीत आहे, सेमी इंग्लिशला. सध्या स्कॉलरशिपचा अभ्यास चालू आहे. प्राईम नंबर म्हणजे मूळ संख्या, १ ते १०० मधल्या सगळ्या पंचवीस तिने पाठ केल्यात, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवते. पण परवा क्लासच्या टेस्टमध्ये ५१ आणि ९१ मूळ लिहून आली, १ पण मूळ लिहिला आणि २ संयुक्त, का तर म्हणे सम आहे ना. व्याख्याही पाठ करून घेतली, ती पण येते, तरी परत तेच. माझं ऑफिस फोर्टला, घरी पोचायला साडेआठ-नऊ होतात, मग अभ्यास घेताना मी चिडतो, ती रडते. वर विचारते, बाबा याचा उपयोग काय, आणि सगळ्यात मोठी मूळ संख्या कुठली? मला दोन्ही सांगता आलं नाही. कसं शिकवू? (एक बाबा, भांडुप)

दादा, नमस्कार.

आधी एक सांगते, लेक हुशार आहे तुमची, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तिने २ ला संयुक्त का लिहिलं बघा ना. तिने ४ बघितला, ६ बघितला, ८, १०, १२ सगळे बघितले, सगळे संयुक्त निघाले, मग तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं की सम असेल तर संयुक्तच असणार. हा नियम तिला ना क्लासने शिकवला ना तुम्ही, तिचा तिने काढला. तो एका ठिकाणी फसतो ही गोष्ट वेगळी, पण चार उदाहरणं बघून नियम काढणं हेच तर गणित आहे, त्यामुळे या चुकीवर तिला ओरडू नका प्लीज.

५१ आणि ९१ चं प्रकरण मात्र वेगळं आहे, ती चूक यादीने केलेली आहे. यादी पाठ असली की पेपरात ५१ समोर आल्यावर मूल विचार करत नाही, आठवायला लागतं. ४७ होता, ५३ होता, मग मधे ५१ होता की नव्हता? आणि ५१ दिसतोही अगदी मूळ संख्येसारखा, विषम आहे, शेवटी ५ नाही, दोन ते दहाच्या पाढ्यांत सहसा कानावर पडत नाही. आठवण जरा डळमळली की गेला मार्क. आणि १ ची चूक तिसऱ्याच जातीची आहे, त्याबद्दल खाली लिहिते कारण त्यात मला तिचा काही दोषच दिसत नाही.

म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्हीवर व्याख्येचाच डोस देताय. मी महापालिकेच्या शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवायचे, तिथे हे इतक्या वेळा बघितलंय की 'ज्या संख्येला फक्त दोनच विभाजक असतात' हे वाक्य घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला १५ चे विभाजक सांग म्हटलं की ते थांबतं. व्याख्या खोटी नाही, ती फक्त फार लवकर येते, जे अजून पाहिलंच नाही त्याचं नाव आधी पाठ होतं. तर आता आठ-दहा दिवस व्याख्या आणि यादी दोन्ही बाजूला ठेवा.

घरात कॅरम आहे का? नसेल तर शेजारी असेलच. बोर्ड नको, नुसत्या सोंगट्या हव्यात. रविवारी सकाळी जमिनीवर बसा दोघं आणि तिला आधी १२ सोंगट्या द्या. सांगायचं एवढंच की यांचा आयत कर, म्हणजे सगळ्या रांगांमध्ये सारख्या सोंगट्या आल्या पाहिजेत, रांगा कमीत कमी दोन हव्यात आणि एका रांगेत पण कमीत कमी दोन हव्यात. ती सहा-सहाच्या दोन रांगा करेल, मग विचारा अजून कसं जमेल, मग चार-चारच्या तीन. तेच फिरवून तीन-तीनच्या चार केल्या तर तो तोच आयत आहे हे तिचं तिलाच दिसेल, नाही दिसलं तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघ म्हणा.

मग अख्खा सेट द्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक लाल राणी, एकोणीस. आणि इथे दादा तुम्ही गप्प बसायचं. ती पहिल्यांदा बहुतेक काळ्यांची एक रांग आणि पांढऱ्यांची एक रांग लावेल, मस्त दिसेल, आणि राणी हातात उरेल. मग तीन रांगा करून बघेल, सहा-सहाच्या, परत एक उरेल. चार-चारच्या चार रांगा लावल्या तर तीन उरतील. पाचच्या तीन लावल्या तर चार. मधेच ती तुमच्याकडे बघेल, बाबा होतच नाहीये, आणि तुमच्या जिभेवर येईल की अगं नाहीच होणार, १९ प्राईम आहे. ते बोलायचं नाही. तुम्ही फक्त विचारा, अजून काही करून बघायचं राहिलंय का? कारण 'होत नाहीये' आणि 'होऊच शकत नाही' यांच्यामधे जे अंतर आहे ना तेच तिला चालायचंय, ते तुम्ही तिला उचलून पार करून दिलं तर परत यादीच पाठ केल्यासारखं होईल. ती जेव्हा स्वतः म्हणेल की दोनने बघितलं, तीनने बघितलं, चारने बघितलं, आता पाच रांगा म्हणजे तेच उलटं होणार, तेव्हा मूळ संख्या म्हणजे काय ते तिला समजलेलं असेल, नाव माहीत असो वा नसो.

आणि मग राणी उचलून घ्या. अठरा राहिल्या. लगेच नऊच्या दोन, सहाच्या तीन. एक सोंगटी काढली आणि सगळं बदललं, हे मुलांना खूप आवडतं, माझ्या वर्गात या क्षणी नेहमी गोंगाट व्हायचा आणि मी तो होऊ द्यायचे.

त्याच दिवशी सगळं उरकायची घाई नको. एका वहीत ती एकेक संख्या लिहू दे, शेजारी तिचे आयत, २ पासून २४-२५ पर्यंत, सोंगट्या कमी पडल्या तर चवळीचे दाणे घ्या, नाहीतर चौकटीच्या वहीत चौकोन रंगवू दे. दोन-तीन दिवसांनी वहीत आपोआप दोन गट दिसतील, ज्यांच्यापुढे काहीतरी लिहिलंय आणि ज्यांच्यापुढे फुली आहे. आता सांगा की आयत होणाऱ्यांना संयुक्त म्हणतात आणि न होणाऱ्यांना मूळ. नाव शेवटी.

या वहीत २ चा प्रश्न मिटतो बघा. दोन सोंगट्यांच्या दोन रांगा करायला गेलं तर एका रांगेत एकच येते, म्हणजे तीच एक ओळ, उभी धरली काय नि आडवी धरली काय. त्यामुळे २ मूळ. आणि २ च्या पुढची कुठलीही सम संख्या घ्या, तिच्या दोन सारख्या रांगा होणारच, म्हणून तिचा नियम २ च्या पुढे शंभर टक्के बरोबर आहे. हे तिला याच शब्दांत सांगा, तुझा नियम बरोबर होता, फक्त तो ४ पासून सुरू होतो.

आता १. एक सोंगटी दिली तर तिचा आयत होत नाही, मग मुलगी म्हणणार की न होणाऱ्यांच्या गटात टाका, मूळ आहे. बरोबरच आहे की तिचं, आपण जेवढं सांगितलं त्यावरून हेच निघतं. आणि ही शंका मोठमोठ्या लोकांनाही होती. गोल्डबाख या गणितज्ञाने १७४२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या मोठ्या गणितज्ञाला जे प्रसिद्ध पत्र लिहिलं त्यात तो १ ला मूळच धरत होता, आणि अमेरिकेत डी. एन. लेमर यांनी १९१४ मध्ये एक कोटीच्या पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिची सुरुवातच १ पासून होती. म्हणजे ही काही आभाळातून पडलेली गोष्ट नाही, गणितवाल्यांनी विचार करून १ ला बाहेर ठेवलंय.

का ठेवलं ते पाचवीच्या मुलीला कळतं, फक्त फोडून दाखवावं लागतं. तिला ६० फोडायला सांगा. ती ६ × १० करेल, मग ६ चे २ × ३ आणि १० चे २ × ५. तुम्ही दुसऱ्या कागदावर ४ × १५ पासून सुरू करा, ४ चे २ × २, १५ चे ३ × ५. आईला सांगा ५ × १२ ने सुरुवात करायला. तिघांचे कागद शेजारी ठेवले की सगळ्यांच्या शेवटी २, २, ३, ५ हेच आलेलं असतं, क्रम मागेपुढे. कुठूनही निघा, पोचता तिथेच. कुठल्याही संयुक्त संख्येचं असंच होतं आणि मसावि-लसावि काढताना आपण हाच आधार घेतो. आता १ ला मूळ म्हटलं तर कोणी लिहील १ × २ × २ × ३ × ५, कोणी १ × १ × २ × २ × ३ × ५, कितीही एक घाला, उत्तर ६०च, मग कोणाचा कागद कोणाशी जुळायचा? म्हणून १ मूळ नाही. आणि फोडायला त्याच्यात काही नाही म्हणून तो संयुक्तही नाही, त्याचा वेगळा खण. हे एकदा पटलं की 'एकाला एकच विभाजक असतो' हे पुस्तकातलं वाक्य तिला आपोआप लक्षात राहतं.

आता येऊ ५१ आणि ९१ कडे, जिथे खरे मार्क जातात.

तिला पाढे येतात का, तीसपर्यंत? सेमीच्या मुलांचे बाराच्या पुढे जरा कच्चे असतात, तुमच्या घरी आजी असतील तर त्यांना हे काम द्या, त्या आनंदाने करतील. सतरा त्रिक एक्कावन्न. एकोणीस त्रिक सत्तावन्न. तेरा साती एक्क्याण्णव. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. ज्या ज्या संख्या मुलांना फसवतात त्या सगळ्या पाढ्यांत उघड्यावर बसलेल्या आहेत. आणि मूळ संख्या? ५३ कुठल्याही पाढ्यात शोधा, फक्त दोन ठिकाणी सापडेल, एकाच्या पाढ्यात आणि स्वतःच्या पाढ्याच्या पहिल्या ओळीत. व्याख्येतले दोन विभाजक ते हेच. हा शोध मुलीला स्वतःला लागू द्या, पाढ्यांचं पुस्तक हातात द्या आणि ५३ शोधून दाखव म्हणा.

पेपरात मात्र पाढे म्हणत बसायला वेळ नसतो, तिथे कसोट्या लागतात. शेवटचा अंक बघून २ आणि ५ ची कसोटी सगळ्यांनाच येते. ३ ची कसोटी म्हणजे अंकांची बेरीज, ५१ ची ५ + १ = ६, सहाला तीनने भाग जातो म्हणून ५१ ला पण जातो. पण हे का चालतं ते क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत आणि मुलांना ती जादू वाटते. सोंगट्या परत काढा. ५१ म्हणजे पाच दशक आणि एक सुटा. प्रत्येक दशकात नऊ अधिक एक असतात, नऊच्या तीन रांगा सहज होतात, त्यामुळे प्रत्येक दशकातून नऊ बाजूला काढले की एकेक उरतो, पाच दशकांचे पाच, वर सुटा एक, सहा. त्या सहाच्या पण तीन रांगा झाल्या. म्हणजे अंकांची बेरीज ही उरलेल्या सोंगट्यांची बेरीज आहे. एवढं दाखवलं की ८७ ती स्वतः करून बघेल, ८ आणि ७ पंधरा, बसतंय.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १ ते १०० चा तक्ता पुस्तकात दहा-दहाच्या ओळींत असतो, तुम्ही तो सहा-सहाच्या ओळींत लिहून घ्या. पहिली ओळ १ ते ६, दुसरी ७ ते १२, अशा सतरा ओळी होतात, शेवटची अपुरी. मग तिला चाळणी लावायला सांगा, म्हणजे २ ला गोल करून २ च्या पाढ्यातले बाकीचे खोडायचे, मग ३ ला गोल, तिचे खोडायचे, मग ५, मग ७. ही पद्धत एराटोस्थेनिसची, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ग्रीक, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, आणि पृथ्वीचा परीघ मोजला तोही यानेच. दहाच्या तक्त्यात खोडाखोड विखुरलेली दिसते, सहाच्या तक्त्यात काय होतं ते बघण्यासारखं आहे: दुसरा, चौथा आणि सहावा स्तंभ सरळ उभ्या रेषेने जातो कारण ते सगळे सम, तिसरा जातो कारण ते सगळे ३ च्या पाढ्यातले, वरती फक्त २ आणि ३ शिल्लक. उरतात दोन स्तंभ, पहिला आणि पाचवा. म्हणजे २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्या या दोन स्तंभांतच असणार, शंभरपर्यंतच नाही, तक्ता कितीही लांबवा.

या दोन स्तंभांत सगळ्या मिळून ३३ संख्या येतात. १ बाजूला काढला, ३२. त्यातल्या २३ मूळ आहेत आणि फक्त ९ घुसखोर: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५, आणि ४९, ७७, ९१. पहिल्या सहांच्या शेवटी पाच आहे, त्या लगेच पकडल्या जातात. राहिल्या तीन. ४९ सात साते आहे, ७७ नुसता बघून कळतो. म्हणजे २, ३, ५ च्या कसोट्या लावल्यावर शंभरच्या आत खरा फसवणारा गडी एकच उरतो, ९१, तोच जो तुमच्या लेकीला भेटला. त्याच्यासाठी एक सोपी युक्ती, ९१ मधून ७० काढा, २१ उरले, सात त्रिक एकवीस, झालं. पंचवीस संख्यांची यादी पाठ करण्यापेक्षा तीन कसोट्या आणि ही तीन नावं लक्षात ठेवणं कितीतरी हलकं आहे, आणि यात आठवण डळमळायची भीती नाही.

ती विचारेल ७ वर का थांबायचं, ११ चे पण खोडू या ना. खोडू द्या. तिला दिसेल की २२, ३३, ४४, ५५, ६६, ७७, ८८, ९९ सगळे आधीच खोडलेले आहेत. ११ ला स्वतःचा असा पहिला नवा बळी मिळतो तो ११ × ११ म्हणजे १२१ ला, तो आपल्या तक्त्याबाहेर. हेच सोंगट्यांच्या भाषेत, शंभरच्या आतल्या कुठल्याही आयताची लहान बाजू दहापेक्षा मोठी असूच शकत नाही. याच हिशेबाने तीन आकडी संख्या तपासायची असेल तर ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघणं पुरतं, कारण त्यापुढची मूळ संख्या ३७ आणि ३७ × ३७ हजाराच्या पुढे जातं. बसस्टॉपवर उभे असाल तर समोरून येणाऱ्या बेस्टचा नंबर घ्या आणि लागा दोघं, बस यायला तशीही वेळ लागते.

उपयोगाचं विचारलंय तिने, तो प्रश्न टाळू नका. तुमच्या रोजच्या लोकलपासून सुरू करा. आधी नऊ डब्यांच्या असायच्या, आता बारा आणि पंधरा डब्यांच्या. तेरा डब्यांची का नसते, अकराची का नसते? कारण लोकलचे डबे एकेक सुटे जोडत नाहीत, मोटरचा डबा धरून तीन-तीनचं एक युनिट असतं आणि युनिटं जोडून गाडी होते, त्यामुळे डब्यांची संख्या ३ च्या पाढ्यातलीच येणार. वस्तू सारख्या गटांत वाटायच्या असल्या की संयुक्त संख्या सोयीच्या पडतात.

मूळ संख्यांचं काम याच्या बरोबर उलटं, त्या फुटत नाहीत म्हणून उपयोगी. तिच्याशी हा खेळ खेळा. तिने गुपचूप दोन मूळ संख्या घ्यायच्या, गुणायच्या आणि फक्त उत्तर तुम्हाला सांगायचं. समजा ४३७. आता तुम्ही ओळखा कुठल्या दोन. तिला गुणाकाराला एक मिनिट लागलं असेल, तुम्हाला ७ ने बघा, ११ ने बघा, १३ ने, १७ ने, आणि मग १९ × २३ सापडेल. नंतर तुम्ही द्या, तिला शोधू दे. गुणणं सोपं आणि फोडणं अवघड, एवढीच ती गंमत, आणि याच्यावरच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी कुलूप बनवलं, त्याला आरएसए म्हणतात आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला ते आजही वापरलं जातं. तिथली संख्या ४३७ नसते, नेहमीच्या वापरातली २०४८ बिटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ मध्ये २०४८ अंकांची संख्या आपल्या आकड्यांत लिहिली तर ६१७ अंकी होते, ती फोडणं आजच्या कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं नाही. तिला हे पण सांगा की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ओळखायची जी पद्धत जगाला हवी होती ती २००२ मध्ये आपल्या कानपूरच्या आयआयटीत सापडली, मणींद्र अग्रवाल सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, ते दोघं तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. मूळ आहे का हे ओळखणं आणि नसेल तर फोडून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं जमलं, दुसरं अजून अडलेलंच आहे, आणि कुलपं त्यामुळेच टिकून आहेत.

स्कॉलरशिपसाठी दोन गोष्टी वेगळ्या बघून घ्या. जोडमूळ संख्या, म्हणजे दोनचा फरक असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या, शंभरच्या आत आठच आहेत, ३-५, ५-७, ११-१३, १७-१९, २९-३१, ४१-४३, ५९-६१, ७१-७३, त्या सहाच्या तक्त्यात शोधायला सांगा, ३-५ सोडली तर बाकीच्या सगळ्या पाचव्या स्तंभातून पुढच्या ओळीच्या पहिल्या स्तंभात जाताना सापडतात. दुसरी सहमूळ, इथे मुलं धडाधड चुकतात, त्यांना वाटतं दोन्ही संख्या मूळ असायला हव्यात. तसं काही नाही, ८ आणि ९ दोन्ही संयुक्त, तरी सहमूळ, कारण १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नाही.

रात्री नऊला यातलं काहीही करू नका दादा. फोर्टहून भांडुपला उभ्याने आलेला माणूस आणि दिवसभर शाळा-क्लास करून दमलेलं पोर, दोघांचीही ती वेळ नाही. आठवड्यात जेवताना एखादी संख्या विचारा, बस. आणि विचारताना एक सवय लावून घ्या, उत्तर बरोबर असो की चूक, दोन्ही वेळेला 'कसं ओळखलंस' विचारायचं, फक्त चुकल्यावर विचारलंत तर त्या प्रश्नालाच ती घाबरायला लागेल. ५७ मूळ आहे म्हणाली तर चूक म्हणू नका, ३ ने बघितलंस का एवढंच विचारा, पेन्सिल ती स्वतः उचलेल.

राहिला सगळ्यात मोठ्या मूळ संख्येचा प्रश्न. फार सुंदर प्रश्न आहे तो, युक्लिड नावाच्या ग्रीक गणितज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वीच त्याचं उत्तर दिलंय: अशी संख्या नाही, त्या संपतच नाहीत. तिला म्हणा, समज जगात २, ३ आणि ५ एवढ्याच मूळ संख्या आहेत. गुण तिघांना, ३०. त्यात १ मिळव, ३१. आता ३१ ला २ ने भाग, १ उरतो. ३ ने भाग, १ उरतो. ५ ने, तेच. म्हणजे एकतर ३१ स्वतः मूळ आहे, नाहीतर त्याला भागणारी एखादी मूळ संख्या आपल्या यादीत नव्हती. यादी कितीही लांब करा, हेच होणार. लोकांना आत्तापर्यंत सापडलेली सगळ्यात मोठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन ते सगळे एकमेकांशी गुणायचे आणि शेवटी १ वजा करायचा, उत्तर ४,१०,२४,३२० अंकी येतं. पण तिला हे सांगायच्या आधी युक्लिडचा खेळ पुढे खेळू द्या, ७ घातला की २११ येतो, मूळ, ११ घातला की २३११, तोही मूळ. इथे ती तुमची लेक असल्यामुळे परत नियम काढणार की म्हणजे दर वेळी मूळच येते. मग १३ घालून ३००३१ काढायला सांगा, आणि ५९ ने भागून बघ म्हणा.